ढबूची शाई आणि चाळीस फुटांची पासोडी

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं पांघरूण. ही मात्र सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद, आणि तिच्यावर पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो याचा विचार, म्हणजे पंचीकरण, ओव्यांमध्ये लिहून काढलेलं. पंतांना रोज एका ढबू पैशाची शाई लागायची, असं गावात सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण एवढा मोठा लिहिणारा मराठीत दुसरा शोधून सापडायचा नाही. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ, म्हणजे ते पैठणच्या एकनाथांचे समकालीन. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा आहे असं परंपरा मानते. ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजारांची. म्हणजे गीतेवरच्याच दोन टीका, पण एक दुसरीच्या जवळजवळ चौदापट!

आणि इथंच पंतांचं घोडं अडलं. छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ जगायचा तो कुणीतरी बोरू घेऊन नक्कल उतरवली तरच. नऊ हजार ओव्या उतरवणारे गावोगाव निघाले. सव्वा लाख उतरवायला कोण बसणार? शिष्य-वंशजांनी पोथ्या जपल्या, उत्सव चालू ठेवले, समाधी सांभाळली. पण गीतार्णव वाचलेला माणूस आजही विरळाच. लोकांच्या लक्षात राहिली ती पासोडी, कारण ती डोळ्यांना दिसते.

याच गावाबाहेर, दरीच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' अठरा प्रकरणांचा, ओव्या सतराशेच्या आत. आटोपशीर. त्यामुळे तो हातोहात पसरला. ग्रंथातल्याच एका ओवीवरून त्याचा काळ शके १११०, म्हणजे ११८८, धरतात आणि मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणतात. पण ही ओवी सगळ्याच पोथ्यांत नाही आणि भाषा तर बाराव्या शतकाची वाटतच नाही. भाषेचा दोष नकलकारांकडे जातो. प्रत्येकानं जुना, न कळणारा शब्द आपल्या काळाचा करून टाकला. ज्ञानेश्वरीतही असंच झालं होतं, म्हणून तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मुकुंदराजांच्या वाट्याला असा एकनाथ आला नाही. शिवाय ग्रंथ लिहिला कुठं, अंबाजोगाईत की विदर्भातल्या अंभोऱ्याला, हा वाद आहेच. माझ्या मते तो वाद मिटला नाही तरी बिघडत नाही. दोन गावं एका कवीवर हक्क सांगतात, यातच त्याची ऐपत दिसते.

आता उलटं उदाहरण. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर. त्याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत. दगडात कोरलेलं नकलकार बदलू शकत नाही, म्हणून काळाचा घोळ नाही. पण दगड कीर्तनात म्हणता येत नाही, पारायणाला बसवता येत नाही. एवढ्या मोहिमा केलेला हा माणूस पुढं देवळाच्या नावापुरता उरला, आणि आज विचारलंत तर खोलेश्वर म्हणजे कॉलेज, असंच बहुतेक जण सांगतील.

यातला शके ११६२ चा, म्हणजे १२४० चा लेख मात्र निवांत वाचावा असा. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी पडला. त्याच्या आठवणीसाठी देऊळ बांधलं ते बहिणीनं, लक्ष्मीनं. रामनारायणाचं देऊळ. मुकुंदराज, दासोपंत यांच्या आयुष्याला दंतकथांचे थर चढलेत. लक्ष्मीबद्दल गावात एकही कथा नाही. ती आहे ती फक्त त्या लेखात, स्वतःच्या नावानं आणि सालासकट.