चाकांवरचं बिऱ्हाड

डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दुपारी चारला दिवे लावायचे आणि सकाळी आठपर्यंत अंधारातच वावरायचं! त्याच दिवशी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागाला, दिवस साडेनऊ तासांहून मोठा असतो. दुपारचं तापमान सोळा-सतरा अंश, म्हणजे आपल्या पुण्यातली पौषातली कोवळी सकाळच. म्हणून इंग्लंड, हॉलंड, जर्मनीतली कितीतरी निवृत्त जोडपी ख्रिसमस आटोपला की आपली मोटरहोम काढतात, दक्षिणेला उतरतात आणि वसंत आला की घरी परततात.

मोटरहोम म्हणजे मागे घर असलेली मोटार. सात मीटर लांबीत बिछाना, शेगडी, मोरी, फ्रिज आणि संडास. आम्ही येत्या जानेवारीत असं बिऱ्हाड हलवायचं ठरवतो आहोत. धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. इंग्लंडात मूल पाच वर्षांचं झालं की पुढच्या सत्रापासून शिक्षण सक्तीचं होतं. मग शाळेच्या दिवसांत विनापरवानगी मूल सहलीला नेलं तर आईबापांना दंड. तेव्हा एवढा मोठा प्रवास जमवायचा तर आत्ताच. शिवाय सासूबाई-सासरे पुण्याहून यायचे आहेत आणि इथल्या गारठ्यात सासूबाईंचे गुडघे धरतात.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या लेकी-सुना इकडे आहेत! उद्या तुम्हालाही असंच बोलावणं येईल. तेव्हा गणित कसं मांडायचं ते आत्ताच पाहू या.

पहिलं गणित दिवसांचं

स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स, इटली, ग्रीस हे सगळे शेंगेन करारातले देश. असे एकूण २९ आहेत. या सगळ्यांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. प्रत्येक देशात ९० नव्हे, सगळ्यांत मिळून ९०! भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा लागतो. ब्रिटिश पासपोर्टाला व्हिसा नको, पण १ जानेवारी २०२१ पासून दिवसांची मर्यादा त्यालाही आहे. आमच्याकडे ह्यांचा पासपोर्ट ब्रिटिश आणि माझा भारतीय, पण ही मोजपट्टी दोघांना सारखीच.

जायचा आणि यायचा, दोन्ही दिवस मोजले जातात. २ जानेवारीला पाऊल ठेवलंत तर लीप वर्ष नसताना नव्वदावा दिवस येतो १ एप्रिलला. पण बोट चुकली, गाडी बिघडली, मूल आजारी पडलं तर? म्हणून आम्ही परतीची तारीख २४ मार्च धरली आहे. हातात आठवडाभर शिल्लक हवाच. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. दिवस आता संगणक मोजतो. शिक्का पुसट उमटला ही सबब चालायची नाही, आणि जास्त राहिल्यास पुढे प्रवेशबंदीही होऊ शकते.

भारतातून येणाऱ्या वडीलधाऱ्यांनी शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून घ्यावा, कारण अर्ज आपण राहतो त्या देशातून करायचा असतो. इंग्लंडात पाहुणे म्हणून आल्यावर तो मिळणं अवघड. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. तो सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार लिहायला संकोचू नका. लपवलेल्या आजाराचं बिल विमा कंपनी भरत नाही.

दुसरं गणित वजनाचं

साध्या मोटारीच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. त्यात चालक आणि डिझेल धरून रिकामी गाडीच ३,१०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे उरले ४००. आता मांडा: पाण्याची टाकी १०० किलो (एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नका), मी ६०, चिरंजीव आणि त्याची खुर्ची २३, दुसरी बॅटरी २५, बाहेरचं छत ३०, दोन सायकली ५०, धान्य ४०, कपडे-अंथरुणं ५०. झाले ३७८. यात सासूबाई-सासरे बसवायचे कुठे? माणशी पट्ट्याची एक बैठक हवी, ती वेगळीच गोष्ट. रस्त्यावर पोलिस गाडी काट्यावर चढवू शकतात, आणि अपघातात जादा वजनाचं निमित्त विम्याला आयतंच मिळतं.

म्हणून आमचा निर्णय असा: मोटरहोममध्ये आम्ही तिघं. सासूबाई-सासरे फेब्रुवारीत विमानानं मालागाला येतील आणि महिनाभर कॅम्पसाइटवरच्या छोट्या बंगल्यात राहतील. आमची गाडी त्याच आवारात उभी. रात्री शिडी चढून निजायला नको आणि संडासही हक्काचा! सायकलींनाही आम्ही रजा दिली. घरात आधी थोडी कुरकुर झाली, पण कागदावर आकडे मांडल्यावर सगळ्यांना पटलं. भावनेनं न सुटणारे प्रश्न कधीकधी बेरजेनं सुटतात.

रस्ता कोणता?

इटली-सिसिलीचा मोह मोठा, पण वाटेत आल्प्स. इटलीत १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बऱ्याच रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या. ग्रीसचा पश्चिम किनारा हिवाळ्यात चिंब भिजलेला. म्हणून आम्ही स्पेन-पोर्तुगाल निवडलं.

तिथे जायला दोन वाटा. डोव्हरहून कॅलेला बोट दीड तासात जाते, पण पुढे स्पेनच्या हद्दीपर्यंत फ्रान्समधून हजारावर किलोमीटर. किंवा पोर्ट्समथहून थेट सान्तान्देरची बोट. ती सव्वा-दीड दिवस घेते, आणि बिस्केच्या उपसागरात हिवाळ्यात पोटात ढवळतं. आम्ही जाताना बोट आणि येताना फ्रान्स असं ठरवलंय.

सान्तान्देरला उतरल्यावर लगेच ऊन मिळेल असं समजू नका. मधलं पठार उंच आहे. बुर्गोस साडेआठशे मीटरवर, तिथे बर्फ पडतं. तेव्हा तिथे न रेंगाळता खाली मेरिदा गाठायचं (तिथलं रोमन नाट्यगृह पाहण्याजोगं), मग सेव्हिल, मग पोर्तुगालचा आल्गार्व्ह किनारा. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत बदामाची झाडं फुलतात. पुढे मालागाच्या पूर्वेला आल्मुन्येकार. तिथे सीताफळाची बहीण शोभेल अशी चिरिमोया पिकते, आणि हिवाळा हाच तिचा हंगाम! मग युरोपातला सर्वांत कोरडा भाग आल्मेरिया आणि शेवटी व्हॅलेन्सिया. तिथे १५ ते १९ मार्चला फायासचा उत्सव असतो. मोठमोठे पुतळे रस्त्यात उभारतात आणि शेवटच्या रात्री जाळतात. आपल्या होळीची आठवण यावी असा प्रकार.

दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, अंधार पडायच्या आत मुक्काम, आणि एका जागी किमान तीन रात्री, हे आमचे नियम. सगळा प्रवास सहा हजार किलोमीटरचा. लिटरला दहा किलोमीटर धरले तर सहाशे लिटर डिझेल. त्या दिवसाच्या भावानं गुणा की खर्च कळला.

गॅस, वीज आणि दमटपणा

आपल्या घरच्या सिलिंडरात ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. नुसता ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचं थांबतो. सिलिंडर भरलेलं आणि शेगडी मात्र थंड! प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो, म्हणून हिवाळ्यात प्रोपेनच. शिवाय प्रत्येक देशाच्या सिलिंडरची तोटी निराळी, तेव्हा जोडण्या बरोबर ठेवा.

कॅम्पसाइटवर वीज मिळते, पण बऱ्याचदा सहाच अँपिअर. म्हणजे सुमारे १,३८० वॉट. मिक्सर चालेल, पण दोन हजार वॉटची किटली लावलीत की फ्यूज उडालाच. गॅसवर कुकर लावावा हे उत्तम.

एवढ्याशा जागेत पोळ्या भाजल्या, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तिघांचे श्वास मिळाले की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. पापड मऊ पडतात, गादीला बुरशी येते. उपाय साधे आहेत. भांड्यांवर झाकणं ठेवा. छताची खिडकी थंडीतसुद्धा बोटभर उघडी ठेवा. काचांना बाहेरून जाड पडदे लावा. गादीखाली हवा खेळू द्या. आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका! कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची धोक्याची घंटा गाडीत हवीच.

डबे भरताना

इंग्लंडातून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, विरजण सगळं घरीच राहणार. पण तिकडचं बिनमिठाचं लोणी कढवलं की तूप, आणि साध्या दह्याचं विरजण. ताजा कढीलिंबही नको, वाळवून घ्या. गंमत म्हणजे नारळ, केळी, अननस, खजूर यांना मुभा आहे! डाळी, तांदूळ, गोडा मसाला, पोहे घ्या, पण पंधरा दिवसांपुरतेच. छोले आणि मसूर स्पेनच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पोर्तुगालात तर कोथिंबिरीशिवाय पान हलत नाही, आणि बाजारात आपलीच भाषा ऐकल्यासारखं वाटावं: बटाट्याला 'बताता', कोबीला 'कोव्ह', काजूला 'काजू', किल्लीला 'शाव्ह', म्हणजे आपली चावी. पाव, फीत, घमेलं हे शब्दही तिथूनच आपल्याकडे आले.

मुक्काम कुठे?

स्पेनमध्ये वाहन उभं करणं निराळं आणि तळ ठोकणं निराळं. गाडी परवानगीच्या जागी उभी करून आत झोपलात तर सहसा चालतं. पण छत उघडलं, खुर्च्या मांडल्या की ते कॅम्पिंग झालं, आणि त्याला दंड. पोर्तुगालात संरक्षित आणि किनारी भागांत ठरलेल्या जागेखेरीज रात्रीचा मुक्काम करता येत नाही. ग्रीसमध्ये तर मोकळ्यावर राहायला बंदीच आहे. हमरस्त्यावरच्या विश्रांतिथांब्यांवर रात्र काढू नये, तिथे चोऱ्या होतात. नोव्हेंबरात पुष्कळ कॅम्पसाइट बंद होतात. बेनिडोर्मसारख्या ठिकाणच्या उघड्या राहतात, पण गच्च भरलेल्या. म्हणून फेब्रुवारीची जागा आम्ही आत्ताच राखून ठेवली आहे.

आणि काम कुणी करायचं?

हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. 'हे' गाडी चालवणार, डोंगर बघणार, आणि मी सहा फुटांत तिन्ही त्रिकाळ रांधणार असेल तर घर काय वाईट होतं? तेव्हा वाटणी आधीच करा. आमच्याकडे पाणी भरणं आणि संडासाची टाकी (ती दोन-तीन दिवसांनी रिकामी करावीच लागते) ह्यांच्याकडे, सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, संध्याकाळचा आळीपाळीनं. आणि गाडी मीही चालवणार. एकाच माणसाला चालवता येत असेल आणि तोच तापानं फणफणला तर? विम्यात दोघांची नावं घाला. निघण्याआधी भाड्याची गाडी घेऊन आठवडाभर राहून पाहा. आम्ही ऑक्टोबरात वेल्समध्ये तसं राहिलो. कोणत्या कपाटाला हात पोचत नाही हे तिथेच कळलं.

निघण्यापूर्वी

सहा महिने आधी: व्हिसा, पासपोर्टांच्या मुदती, बोटीचं आरक्षण.
तीन महिने आधी: विमा किती दिवस परदेशात चालतो ते पत्र घालून विचारा. टायर, ब्रेक, बॅटरी तपासा.
एक महिना आधी: तीन महिन्यांची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नव्हे, औषधाचं नाव हवं.
आठवडाभर आधी: सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. जादा भरली तर सामान उतरवा, पाणी थोडं कमी भरा.
आणि एक आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: ११२. युरोपात कुठेही, कुठल्याही संकटात.

एवढं केलंत की बाकीचं वाटेवर शिकता येतं. आपल्या आज्या बैलगाडीत चूल-भांडी घालून यात्रेला जातच होत्या की! त्यांच्याकडे नकाशाही नव्हता.