सुक्या मासळीचे कालवण

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने तेथे सागरी मासळी पूर्वी सुकवलेल्या रूपातच टिकू शके, कारण पाणी आटले की मासळी कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. सुके बोंबील रांधताना डोकी व पर काढून तुकडे कोरडेच भाजतात, ज्यामुळे उग्र वास सौम्य होतो, मग कोमट पाण्यात धुऊन रेती घालवतात आणि परतलेल्या कांदा-लसूण-तिखटात वांग्यासह शिजवतात. तमिळनाडूतील ‘करुवाट्टु कुळंबु’ या चिंचेच्या आंबट कालवणातही बहुधा वांगे असते. मात्र तिळाचे तेल, छोटे कांदे व कढीपत्ता यांनी त्याची चव निराळी होते. खारवलेली मासळी वापरल्यास मीठ शेवटी, चाखूनच घालावे.