उतरत्या पाण्याची शिदोरी
(पाणवठ्यावरचे पाहुणे : लेखांक 7)

मागच्या लेखांकात हिवाळी पाहुण्यांच्या आगमनाची हकीकत झाली. आता फाल्गुन सरत आला, काकतीच्या माळावरचा पळस झडू लागला, आणि वसंतात पक्षी ‘येतात’ ही समजूत तपासून घ्यायची वेळ झाली. युरोपात ती खरी आहे. तिकडे थंडी ओसरली की आफ्रिकेत गेलेल्या भिंगऱ्या घरी परततात. आपण मात्र प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडे आहोत. आपला वसंत हा मुख्यतः निरोपाचा ऋतू. ‘कोकीळ आला’ असे आपण सहज म्हणतो, पण तो कुठे गेलेलाच नसतो. हिवाळाभर याच वड-पिंपळांवर गपचूप फळे खात असतो आणि विणीचे दिवस जवळ आले की त्याला कंठ फुटतो. या सुमारास खरोखर येणारे थोडे, आणि तेही उशिरा: नवरंग मे-जूनमध्ये, चातक मृगाच्या आगेमागे. त्याआधीचे दोन महिने जाणाऱ्यांचे आहेत. माझे म्हणणे असे की, बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या तलावांचे पक्ष्यांना खरे मोल याच दोन महिन्यांत असते, आणि ते भरलेल्या पाण्यात नसून उतरत्या पाण्यात असते.

आपल्याकडचे मोठे पाणवठे माणसाने बांधलेले आहेत. मार्कंडेय नदीवरचे राकसकोप बेळगावची तहान भागवते. घटप्रभेवर हिडकलचे 51 टीएमसीचे धरण आहे, आणि त्याच नदीवर खाली गोकाक तालुक्यात धुपदाळचा बंधारा. त्याच्या परिसराला 1974 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरण पावसाळ्यात भरते आणि पिण्यासाठी, उसासाठी उपसा होत उन्हाळ्यापर्यंत खाली जाते. पाणी मागे हटले की रोज थोडा नवा चिखल उघडा पडतो. त्या कडेला वाकून पाहा. वरचा पापुद्रा तडकू लागलेला, खाली बोटभर ओल, त्या ओलीत लाल अळ्या, बारीक गोगलगाई, पाणकिड्यांची पिल्ले. त्यावरून छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत जातो. शेजारी शेपटी हलवत चालणारा पिवळा धोबी डिसेंबरात मळकट राखाडी असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये हळदीसारखा पिवळा होत जातो. विणीचा हा पोशाख तो इथेच, आपल्या चिखलावर पोट भरत चढवतो. लांब पल्ल्याच्या काही छोट्या किनारी पक्ष्यांचे वजन निघण्याआधी चरबी साठून जवळजवळ दुप्पट होते. ही शिदोरी अशा कडांवर बांधली जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाणी आटते म्हणून पक्षी जातात, त्यात शिदोरी कसली? दिसायला तसेच दिसते, पण पुरावा वेगळे सांगतो. 1920 च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी स्थलांतर करणारे छोटे पक्षी ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यात ठेवले आणि दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडा वाढवला. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी त्यांच्या जननग्रंथी वसंतात वाढाव्या तशा वाढल्या. दाणापाणी पुरेसे असलेले पिंजऱ्यातले प्रवासी पक्षीही हंगाम आला की रात्रभर तडफड करतात. म्हणजे निघायची हाक वाढत्या दिवसाकडून येते, आटत्या तलावाकडून नव्हे. हिडकलच्या फुगवट्यावर हिवाळा काढणारे पट्टकादंब हंस पाण्याला तोटा नसतानाही जातात, कारण तिबेट-मंगोलियातल्या सरोवरांवर बर्फ वितळताना त्यांना तिथे पोचायचे असते. वाटेत हिमालय आहे. 7,000 मीटरपेक्षा उंचावरून त्यांची उड्डाणे नोंदली गेली आहेत. जायचे कधी हे दिवस ठरवतो. किती ताकदीने जायचे, हे मात्र आपल्या तलावाची कड ठरवते.

मग पक्ष्यांसाठी तलाव वर्षभर तुडुंब ठेवावेत, अशीही एक सूचना सद्भावनेने होते. ती चुकीची आहे. खोल पाणी पाणकावळ्याला चालते, बुडी मारणाऱ्या वारकरी पक्ष्यालाही चालते. ज्याचे पाय बोटाएवढे, त्या तुतवाराला तिथे उभेही राहता येत नाही. भुवई बदक आणि थापट्याही उथळ पाण्यातच चरतात. काठ दगडांनी बांधून काढणे, कडेने रस्ता फिरवणे अशा सुशोभीकरणात नेमका हाच उथळ भाग बळी जातो, आणि तलाव सुंदर झाल्याचे समाधान वर उरते.

शेतकऱ्याचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पाणी हटलेली गाळपेर जमीन कसदार असते, ती पक्ष्यांसाठी पडीक का ठेवायची? पडीक ठेवा असे कोणी म्हणत नाही. नांगरामागे किडे टिपत चालणारे धोबी आणि बगळे सगळ्यांनी पाहिले आहेत. भोरड्यांचे थवे शाळूवर पडतात हे खरे, पण त्याच भोरड्या टोळ-नाकतोडेही फस्त करतात, आणि शाळू निघाल्यावर पळस-पांगाऱ्याच्या मधावर असतात. पळसमैना हे नाव त्यांना उगाच नाही. नुकसान होते ते पाण्याच्या अगदी रेघेपर्यंत ट्रॅक्टर नेल्याने, जेसीबी लावून ओली कडच खरवडून नेल्याने आणि मोकाट कुत्र्यांनी. टिटवी आणि नदी सुरय याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात, हेही लक्षात घ्यावे. पाण्यालगतची वीस-पंचवीस पावले एप्रिलअखेरपर्यंत मोकळी सोडली तरी पुष्कळ साधेल. गाळ काढायचाच असेल तर मे महिना आहेच.

महाराष्ट्रात सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. त्यामुळे आगमनाच्या नोंदी चांगल्या होतात. निरोपाला कोणी हजर नसते. राकसकोप, हिडकल, निपाणीचा जवाहर तलाव, नाहीतर गावचे तळे, जे जवळ असेल तिथे या रविवारपासून दर आठवड्याला सकाळी एक चक्कर मारा. भुवई बदक, पिवळा धोबी आणि भोरडी हे तिघे पुरेत. प्रत्येकापुढे ‘शेवटचा दिसला’ म्हणून तारीख आणि पाणी कुठवर हटले होते ते वहीत लिहा, आणि पुढच्या वर्षीही तीच वही चालू ठेवा.