मोटारसायकलीच्या इंजिनांतील तेलाची गळती

फटफटीखालीं सकाळीं तेलाचा काळा डाग दिसला कीं मनुष्य पाना उचलतो आणि जो नट प्रथम हातीं लागेल तो आवळूं लागतो. आमच्या मतें रोगाची परीक्षा होण्यापूर्वींच औषध पाजण्याचा हा प्रकार होय. तेल जेथें ठिबकतें तेथूनच तें निघतें असें नसतें. आणि जेथून निघतें तेथेंच दोष असतो, असेंहि नाहीं. या दोन गोष्टींचा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं आम्ही लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट घेतों. इंग्लंडांतील रॉयल एनफील्ड कारखान्यानें हें नांव इ. स. १९३२ मध्यें प्रथम वापरलें, व १९५५ पासून मद्रासेस तिचें काम सुरू झालें. हें इंजिन आतां तयार होत नाहीं. तथापि आपल्या रस्त्यांवर तें अद्यापि धडधडत असतें. तें गळत नसेल तर त्यांत तेलच नसेल, असा विनोद स्वारमंडळी करीत असतात. घाटाच्या वळणावर मागच्या चाकाला तेल लागलें म्हणजे हा विनोद महाग पडतो.

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर आहे; म्हणजे दट्ट्या एकदां खालीं येतांना सुमारें ३४६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. तितकीच हवा खालच्या क्रँककेसमध्यें दाबली जाते, आणि मिनिटास ३,००० फेरे होत असतां हें सेकंदास ५० वेळां घडतें. दट्ट्या एकच असल्यामुळें, एक खालीं येतांना दुसऱ्यानें वर जाऊन जागा करून द्यावी, अशी सोय येथें नाहीं. म्हणून हवा बाहेर जाण्यास एक नळी ठेविली आहे व तिच्या वाटेवर बदकाच्या चोचीसारखी रबराची झडप बसविली आहे. ही झडप हवा बाहेर सोडते, आंत येऊं देत नाहीं. ती नीट चालली तर आंतील दाब बाहेरच्याहून किंचित् कमी राहतो व सांध्यापाशीं आलेलें तेल आंतच ओढलें जातें. उष्णतेनें रबर ताठरलें अथवा नळी चेपली कीं प्रकार उलटतो. कोंडलेली हवा तेलास ढकलूं लागते आणि जो सांधा सर्वांत दुबळा तेथून तेल वाट काढतें. त्या सांध्याचें पॅकिंग बदलावें, तर थोड्याच दिवसांत शेजारचा पाझरूं लागतो! दट्ट्याच्या कड्या झिजल्या असल्या तर जळलेला वायूहि खालीं उतरून या दाबांत भर घालतो. नळींतून सतत धूर येऊं लागला कीं ही शंका घ्यावी.

दुसरें कारण याहून साधें, पण फार चकविणारें आहे. या इंजिनाची तेलाची टांकी क्रँककेसच्याच ओतकामांत वेगळा कप्पा करून ठेविली आहे. एक पंप तेथून तेल पुरवितो व दुसरा खालीं साचलेलें तेल परत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पंप झिजलेला असला, तर टांकींतील तेल हळूहळू खालीं उतरतें. मालक कांडी काढून पाहतो, ती कोरडी. तो आणखी तेल ओततो. मग इंजिन सुरू होतांच नळींतून तेल ओकलें जातें व बिचाऱ्या पॅकिंगवर आळ येतो. गाडी थोडी चालवून, क्षणभर थांबून, मगच पातळी पाहावी.

इतकें पाहूनहि गळती राहिली तर तिचें उगमस्थान शोधावें. इंजिन पूर्ण थंड असतां घासलेटानें व ब्रशानें धुऊन कोरडें करावें, त्यावर अंगाला लावण्याची पावडर भुरभुरावी आणि आठदहा किलोमीटर फिरून यावें. वाऱ्यानें तेल मागें जातें व भारानें खालीं उतरतें. यास्तव ओल्या भागांतील सर्वांत वरची व सर्वांत पुढची जागा हीच खरी. सिलिंडरच्या माथ्यावरून निघालेलें तेल गिअरबॉक्सखालीं टपकलेलें आढळतें, तें यामुळेंच. शिवाय इंजिन, डावीकडची साखळी व गिअरबॉक्स यांचीं वंगणें निरनिराळीं असतात. इंजिनांतील तेल लौकर काळें पडतें, हाहि एक उपयुक्त साक्षीदार होय.

दुरुस्तींत बळापेक्षां सफाईचें काम अधिक. डावीकडच्या साखळीचें झांकण मध्यावरील एकाच नटानें धरलेलें असून कडेनें रबराची वादी असते. तो नट अति आवळला तर झांकण वांकतें व कडा अधिकच उघडते. जुनें पॅकिंग सुरीनें खरवडूं नये. मऊ ॲल्युमिनियमवर उठलेला ओरखडा म्हणजे तेलाला खोदून दिलेला पाटच! सांधा कांचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून डुलतो कीं काय तें पाहावें. नट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावे. चिकट लुकण भरपूर थापण्याची कित्येक मिस्त्रींस आवड असते. ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. आंत निघालेला लुकणाचा गोळा तेलाच्या बारीक वाटेंत अडकला तर बेअरिंगें कोरडीं पडून इंजिन जाम होतें, आणि थेंबभर तेल वांचविण्यापायीं सबंध इंजिन उघडावें लागतें. लुकण लावावयाचेंच तर पातळ लावावें, आणि भोंकांपासून दूर.

काम झाल्यावर पुन्हां तीच धुलाई व तीच पावडर करून तितकेंच अंतर फिरून यावें आणि गाडी रात्रभर कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी करावी.