लिनक्सचा टॅबलेट: पैसे वसूल होतात का?

बारामतीला इंजिनिअरिंग शिकणारं पोर लिनक्सचा टॅबलेट मागू लागलं, की इंदापूरच्या घरी पहिला प्रश्न: एवढा महाग का? प्युरिझम कंपनीचा लिब्रेम ११ हा २०२३ मध्ये ९९९ डॉलरला आला. त्याच वर्षीचा पाइनटॅब २ बराच स्वस्त, १५९ डॉलरपासून. पण सुरुवातीला त्याच्या वाय-फायचा ड्रायव्हरच तयार नव्हता! असे टॅबलेट थोडेच बनतात, म्हणून घडवण्याचा सगळा खर्च मोजक्या गिऱ्हाइकांवर पडतो. जाहिरातींतून भरपाई होत नाही.

गंमत म्हणजे अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. पण घरची कामं अँड्रॉइडच्या ॲपवर अडतात: ई-पीक पाहणी घ्या, नाहीतर बँक. वेड्रॉइड नावाचं सॉफ्टवेअर वापरून अशी ॲप लिनक्सवर उघडता येतात, तरी बँकेची बरीच ॲप तिथं चालायला नकार देतात. मराठीचं मात्र अडत नाही. देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतात.

पोराला प्रोग्रॅमिंगच शिकायचं असेल, तर वापरलेला चांगला लॅपटॉप घ्या आणि त्यावर उबुंटू हे लिनक्स टाका. टॅबलेटचा हट्ट तूर्त राहू द्या.