ध्वनिमुद्रणांच्या संचांची संगणकावरील मांडणी

जुन्या कागदांचा रुमाल हातीं आला म्हणजे संशोधकापुढें दोन प्रश्न उभे राहतात. कागद कोणते, हा एक; व ते या रुमालांत एकत्र कसे आले, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर केव्हांही यादी करून मिळतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र कागद एकदां विस्कटले म्हणजे बहुधा कायमचें नाहीसें होतें. पाश्चात्य अभिजात संगीताच्या सीडींचे मोठे संच, ज्यांस बॉक्स-सेट म्हणतात, ते संगणकावर उतरवून घेतांना हाच धोका संभवतो. सबब त्यांच्या मांडणीचा येथें थोडक्यांत विचार करूं.

(१) अडचणीचें मूळ. सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तीवर ध्वनि व त्याच्या विभागांच्या सीमा असतात. रचनेचीं व कलावंतांचीं नांवें बहुधा नसतात. तीं संगणकावरील फाइलीस जोडलेल्या टॅगांत लिहावीं लागतात. १९९६ सालच्या पहिल्या आयडी-थ्री पद्धतींत मथळा, कलावंत व आल्बम यांस प्रत्येकीं ३० अक्षरांचीच जागा होती. एका गायकाच्या गीतास ती पुरे. परंतु रचनाकार, वाद्यवृंद, त्याचा संचालक, रचना व तिचा भाग इतकें सांगावयाचें तर ती अपुरी पडे. पुढें ही मर्यादा गेली, तरी सर्व माहिती ‘कलावंत’ व ‘आल्बम’ या दोनच सदरांत कोंबण्याची संवय राहिली.

(२) उदाहरण. हर्बर्ट फॉन कारायान यानें बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून एकाच कंपनीसाठीं तीन वेळां ध्वनिमुद्रित केल्या. १९६०, १९७० व १९८० या दशकांत प्रत्येकीं एकदां. पैकीं पहिलें मुद्रण १९६१–६२ चें असून तें १९६३ त संचरूपानें प्रसिद्ध झालें. रचनाकार, संचालक, वाद्यवृंद व कंपनी हीं तिन्हींस समान. भेद काय तो कालाचा. त्या जागीं पुनर्मुद्रित संचाचें वर्ष लिहिलें कीं तिन्ही एकमेकांत मिसळलीं. पोथीच्या नकलेचा शक तोच ग्रंथरचनेचा शक समजण्यासारखाच हा प्रमाद होय.

(३) मांडणीचे नियम. प्रत्येक संचास स्वतंत्र फोल्डर द्यावा आणि सीडीचे व विभागांचे मूळ क्रमांक तसेच राखावे. ते ०१, ०२ असे लिहावे. एरव्हीं पुष्कळ ठिकाणीं १० हा २ च्या आधीं येतो. हा झाला रुमाल. तो मोडूं नये.

शोधासाठीं मात्र रचना हीच एकक धरावी. गेऑर्ग शॉल्टी यानें १९५८ ते १९६५ या काळांत व्हिएन्ना येथें मुद्रित केलेल्या वाग्नरच्या ‘रिंग’मध्यें चार संगीतिका आहेत आणि त्यांतील एकेक अनेक सीडींवर विभागलेली आहे. रचनेचें नांव स्वतंत्र टॅगांत असेल तरच ती अखंड सांपडते. नांवांबरोबर सूचिक्रमांकही द्यावा: मोझार्टसाठीं कोशेल याची १८६२ ची सूची, बाखसाठीं श्मीडर याची १९५० ची. रचनाकाराच्या नांवाचें एकच लेखन ठरवून तेंच सर्वत्र वापरावें. रचना, मुद्रण व प्रकाशन यांचे काल तीन निरनिराळ्या सदरांत लिहावे. हिंदुस्थानी संगीतांत रचनाकार पुष्कळदां अज्ञात असतो. तेथें गायक, राग, ताल व बंदिश हीं सदरें करावीं.

(४) जतन. संचाबरोबरची पुस्तिका ही त्याची पुष्पिकाच होय. मुद्रणाचें स्थळ व दिवस बहुधा तींतच असतात. म्हणून तिचीं छायाचित्रें त्याच फोल्डरांत ठेवावीं. ध्वनि फ्लॅकसारख्या निर्दोष स्वरूपांत उतरवावा, म्हणजे कांहीं गळत नाहीं. माहिती केवळ एखाद्या प्रणालीच्या सूचींत न ठेवतां फाइलींतच लिहावी. कारण ती प्रणाली बंद पडली कीं सूचीही गेली. सर्वांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी.

संग्राहकामागें त्याच्या वारसांच्या हातीं ‘सीडी ७, विभाग ३’ एवढीच अक्षरें पडलीं, तर ध्वनि शाबूत असूनही संग्रह मुका होतो. पुष्पिका फाटलेल्या पोथ्या आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. तशी नवी भर आपल्या हातून पडूं नये, इतकेंच सांगावयाचें आहे.