सात मिनिटांचा चष्मा

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाताना रस्त्याकडेचं गवत कापणारे तिघं दिसले. ऑगस्टची भुरभुर चालू होती, मशीनच्या दोरीखालून हिरवा रबडा उडत होता, आणि डोळ्यांसाठी दिलेले चष्मे तिघांच्याही कपाळावर होते. मी थांबलो नाही. थांबून विचारलं असतं तर त्यांनी ते मुकाट्यानं खाली ओढले असते, आणि माझी पाठ वळताच पुन्हा वर. पण ती तीन कपाळं काही डोक्यातून जाईनात. म्हणून पुढच्या आठवड्यात कारंजा घाडगे तालुक्यातल्या एका ओळखीच्या संत्र्याच्या बागेत सकाळी सातलाच जाऊन उभा राहिलो.

बागेत मशीन चालवणारा माणूस चाळिशीचा, अंगानं काटक. नाका-तोंडावर दुपट्टा गच्च बांधलेला. टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतलं, पट्टा खांद्यावर चढवला, दोरी ओढली, मशीन सुरू. चष्मा? होता की. कपाळावर.

"घालत का नाही, भाऊ?"

"घालतो जी. सात मिनिटं. मंग काईच दिसत नाई."

सात कशी मोजली, विचारलं नाही. घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला काचेच्या खालच्या कडेला दुधी झाक आली, सहाव्याला ती बुबुळांवर चढली, आणि सातवं पुरं व्हायच्या आत चष्मा वर गेला. नंतर दोनदा मोजलं. एकदा साडेसहा, एकदा सात. कुठल्याही प्रयोगशाळेनं या आकड्यावर शंका घेऊ नये.

मे महिन्यात हाच चष्मा दिवसभर कोरडा राहील. वर्ध्याचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा हवाच इतकी कोरडी असते की घाम कपाळावरून ओघळायच्या आत उडून जातो. पण मे महिन्यात गवत नसतं. गवत येतं पावसासोबत, आणि पावसात हवा आधीच भिजलेली. चष्म्याच्या आत घामाची ऊब, बाहेरून काचेवर सर आणि वारा. गार काचेला उबदार ओल लागली की तिचे बारीक थेंब होतात आणि ते उजेड विस्कटून टाकतात. चहाच्या टपरीवर चष्मेवाल्यांचं जे होतं तेच हे; फरक एवढाच की टपरीवर हातात फिरती दोरी नसते.

त्या दोरीचा वेग जरा पाहू. मिनिटाला सहा हजार फेरे आणि चाळीस सेंटिमीटरचा व्यास धरला, तर नायलॉनचं टोक तासाला साडेचारशे किलोमीटरनं फिरतं. समृद्धी महामार्गावर मोटारीला 120 ची मर्यादा आहे. खडा उडाला तर तो कुठल्या डोळ्याकडे जाईल हे दोरी ठरवते. आणि खड्याहून वाईट गवताची काडी. काडीनं बुबुळ खरचटलं की बुरशी धरते. शेतीवाडीतल्या लोकांचे डोळे जाण्याचं ते एक नेहमीचं कारण. त्यात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर बुरशीला रानच मोकळं. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. त्या माणसालाही ठाऊक होतं.

मग चष्मा वर का? उत्तर मला गवतात दिसलं. ठिबकच्या काळ्या नळ्या गवताखाली पसरलेल्या, आणि वीतभर पलीकडे संत्र्याचं खोड, बोर्डो मलम लावलेलं. दोरी नळीला लागली की नळी तुटते. खोडाला लागली तर साल सोलते, तिथून बुरशी आत शिरते आणि डिंक्या लागतो. दोन्ही वेळा मालक बोलतो.

"डोया जाईन तवा जाईन," तो म्हणाला, "पाइप तं आजच जाते."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि त्यानंतर बेफिकिरीवर काही लिहावंसं वाटलं नाही.

मी वर्ध्याहून तीन चष्मे नेले होते. दुकानात तिन्ही घालून पाहिले तेव्हा तिन्ही लख्ख दिसत होते. पंख्याखाली उभं राहून घातलेला कुठलाही चष्मा लख्खच दिसतो. म्हणून टपरीवर थांबून एकेक चहाच्या वाफेवर धरला. साधा लगेच गेला. कडेला झाकलेली भोकं असलेला जरा उशिरा. धुकं न धरणारा लेप असलेला, ज्यावर युरोपीय खुणेतलं 'एन' हे अक्षर होतं, तो स्वच्छ राहिला. लेपाची गंमत अशी की तो पाण्याला थेंब होऊ देत नाही, पातळ पसरवतो, आणि पसरलेल्या पाण्यातून दिसतं. साबणाचा हात फिरवला तरी तेच होतं, पण घामासोबत साबण डोळ्यात उतरतो. लेपाचा चष्मा टपरीवाल्यानं कौतुकानं घेतला, दुपट्ट्यानं कोरडाच खसाखसा पुसला आणि परत दिला. पुन्हा वाफेवर धरला तर मधोमध एक धुरकट पट्टा. असले लेप पाण्यानं धुवायचे असतात. बागेत पुसायला दुपट्टाच असतो. दुकानदारानं मात्र हाच सगळ्यात आग्रहानं विकला होता.

बागेत तोही अकराव्या मिनिटाला गेला. तेव्हा माझं लक्ष दुपट्ट्याकडे गेलं. इतका वेळ समोर असून ते दिसलं नव्हतं. दुपट्टा हनुवटीपासून नाकाच्या हाडापर्यंत, आणि चष्मा बरोब्बर त्याच्या काठावर टेकलेला. श्वासाला बाहेर जायला एकच वाट, वर. कोरोनात मास्क लावून चष्मा घातलेल्या प्रत्येकानं हे भोगलंय, मीही, आणि तरी तासभर मी काचेलाच दोष देत होतो. दुपट्टा नाकपुड्यांच्या खाली बांधून पाहा म्हटलं. त्यानं मान हलवली. मधे गाजर गवताचा पट्टा होता, पांढऱ्या फुलांनी भरलेला. त्याची भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका, आणि अंगाला खाज ती वेगळीच.

शेवटी वेगळीच गोष्ट काढली. पिशवीत बारीक तारेच्या जाळीची ढाल होती, डोक्याला अडकवून तोंडासमोर सोडायची. जाळीवर धुकं धरायला जागाच नसते. पण बारीक भुकटी आणि गवताचा रस तिच्यातून आत येतो, म्हणून नुसती जाळी पुरत नाही. तिच्या आत कडेला मोकळा, वारा खेळता राहील असा हलका पारदर्शक चष्मा घातला, दुपट्टा बोटभर खाली सरकवला. खडा जाळी अडवील, भुकटी बरीचशी काच. मला हीच जोडी पटली, अवघड दिसते तरी. त्याला ती पटलेली दिसली नाही. "रामलीलेतला राक्षस," तो म्हणाला.

मशीन पुन्हा सुरू झाली. तो ओळीच्या टोकाला गेला, वळला, दुसऱ्या ओळीत शिरला. भुरभुर वाढली. मधे एकदा मनगटानं डाव्या डोळ्याची कड पुसली. काहीतरी आत गेलंच होतं. पण ढाल वर गेली नाही. पेट्रोल संपलं तेव्हा मशीन आपोआप थांबली.

"सात झाले का?" त्यानं विचारलं.

"एकवीस."

त्यानं ढाल वर केली नाही. आधी खाली वाकला, गवत बाजूला सारलं आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नळी बघत गेला.